जुनी वायरिंग कुठल्या सालच्या नियमातली, हे कसं शोधायचं?

बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या जुन्या घरातला बोर्ड उघडला की कोणीतरी म्हणतंच, "हे मुंबई राज्यातलं काम, तेव्हाचे नियम वेगळे." १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य बदललं, पण त्यामुळे वायरिंगचे नियम बदलले नाहीत, १९१० चा वीज कायदा केंद्राचाच होता. नियम बदलले ते त्याच वर्षी, १९३७ च्या नियमांच्या जागी भारतीय विद्युत नियम, १९५६ आले म्हणून. (रामदुर्गासारख्या संस्थानी गावात विलीनीकरणाआधीचं काम असेल तर मात्र हा हिशेब लावू नका.)

आधी साल पक्कं करा. बिलावरचा आर.आर. नंबर (कनेक्शनचा नोंदणी क्रमांक) घेऊन हेस्कॉमच्या (इथल्या वीज कंपनीच्या) सेक्शन ऑफिसात कनेक्शनची तारीख विचारा. हुक्केरी तालुक्यात वीज सहकारी सोसायटीकडे जा. ही तारीख मीटरची. आतली वायर नंतर बदललेली असू शकते, म्हणून वायरही वाचावी लागते.

मेन बंद करा, टेस्टरवर विसंबू नका, मल्टिमीटरने खात्री करा. सागवानी पट्टीवर क्लिपांनी बसवलेली, वर सुती वीण असलेली रबरी वायर पीव्हीसीच्या आधीची. ती वाकवू नका, रबर बिस्किटासारखं तुटतं. तारा मोजा: 'तीन-बावीस' म्हणजे २२ गेजच्या तीन तारा, जेमतेम १.२ चौरस मिमी. 'सात-वीस' साधारण ४.६. असे आकडे मेट्रिकच्या आधीच्या पद्धतीचे, पण वायरमनच्या तोंडी ते पुढेही राहिले. एवढ्यावर साल ठरवू नका.

मग नियम. १९५६ च्या नियमांच्या छापील प्रतीत ६१-ए असा अक्षर लागलेला क्रमांक दिसला की तो नंतर घुसवलेला समजा. तळटीपेत जी.एस.आर. (राजपत्रातल्या अधिसूचनेचा) क्रमांक आणि तारीख असते, त्यावरून राजपत्र काढा. १९५६ ची मूळ प्रत समजून ६१-ए (अर्थ लीकेज, म्हणजे जमिनीकडे होणाऱ्या वीजगळतीपासून संरक्षण) जुन्या घराला लावणं ही नेहमीची चूक. आयएस ७३२ (वायरिंगचं भारतीय मानक) चंही तसंच: १९६३, १९८९, २०१९ या वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत, साल न लिहिता नुसतं 'आयएस ७३२' म्हणणं निरुपयोगी. नियमांच्या जागी २०१० मध्ये केंद्रीय वीज प्राधिकरणाचे विनियम आले, आणि त्यांच्या जागी २०२३ चे.

एक जागा मुद्दाम बघा: न्यूट्रलवर किटकॅट (चिनीमातीचा फ्यूज). १९५६ च्या नियम ३२ नुसार अर्थ केलेल्या न्यूट्रलमध्ये फेजसोबत एकदम न तुटणारा स्विच किंवा कटआउट (फ्यूज) चालत नाही. तरी जुन्या बोर्डांत दोन किटकॅट शेजारी शेजारी सापडतात. न्यूट्रलचा फ्यूज उडाला की दिवे जातात, पण होल्डरमध्ये फेज जिवंतच राहतो, आणि लाईट गेली समजून माणूस बल्ब काढायला हात घालतो. तिथे न्यूट्रल लिंक (फ्यूज नसलेली सरळ जोडपट्टी) बसवून फेजलाच फ्यूज ठेवा किंवा फेज-न्यूट्रल एकदम तोडणारा डबल पोल एमसीबी लावा. काम लायसनधारक कंत्राटदाराकडूनच करून घ्या.