बॅग गेली तरी आतलं कुणाला वाचता येऊ नये

बेळगावहून पुण्याला नाहीतर बेंगळुरूला शिकायला, नोकरीला जाणारी मुलं, निपाणी-चिकोडीकडच्या सोसायट्यांचे हिशेब लिहिणारी माणसं, शाळेचे निकाल घरी आणून भरणाऱ्या बाई, सगळ्यांच्या खांद्याला लॅपटॉपची बॅग असते आणि रात्रीच्या बसमध्ये ती डोक्यावरच्या रॅकवर जाते. लॅपटॉप चोरीला गेला तर पोटाला चिमटा काढून दुसरा घेता येतो. पण आतली सभासदांची आधार-पॅन कार्डं, मुलांचे गुण, घरच्या जमिनीचे उतारे एकदा भलत्याच्या हाती पडले की परत घेता येत नाहीत. म्हणून पुढच्या प्रवासाआधी एक रविवार यासाठी काढा.

पहिलं काम डिस्क एन्क्रिप्ट करण्याचं, म्हणजे किल्लीशिवाय आतलं वाचता येऊ नये असं कुलूप घालण्याचं. लॉगिनला पासवर्ड आहे म्हणून निर्धास्त असाल, तर एकदा दुरुस्तीच्या दुकानात उभं राहून बघा. खालच्या झाकणाचे स्क्रू निघाले की आत च्युइंगगमच्या पट्टीएवढी एसएसडी, म्हणजे सगळ्या फाइली साठवणारी डिस्क दिसते, तीही एकाच स्क्रूवर बसवलेली. ती काढून यूएसबीच्या केसमध्ये घातली आणि दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली की सगळी फोल्डरं समोर. तुमचा पासवर्ड कुणी विचारतसुद्धा नाही. एन्क्रिप्शन असेल तर त्याच एसएसडीतून चोराला एक अक्षर वाचता येत नाही.

विंडोजची प्रो आवृत्ती असेल तर त्यातलंच एन्क्रिप्शन, बिटलॉकर, चालू करा. होम असेल तर सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’खाली ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ बघा. जुन्या मशीनवर हा पर्याय नसेल तर एन्क्रिप्शनचं व्हेराक्रिप्ट हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. नव्या लॅपटॉपवर हे आपोआप चालू असेल असं धरून चालू नका. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन न करता नुसत्या लोकल खात्यावर काम करत असाल, तर संरक्षण अर्धवट राहिलेलं असू शकतं. मॅकवर याच कामाला फाइलव्हॉल्ट आहे. उबुंटूवाल्यांनी इन्स्टॉल करतानाच एन्क्रिप्शन निवडायचं.

आता रिकव्हरी की, म्हणजे हे कुलूप अडलं तर उघडायची राखीव किल्ली. लोक नेमकं हेच विसरतात आणि मग चोर राहतो बाजूला, आपलीच कागदपत्रं आपल्याला बंद होतात. बिटलॉकरची की ४८ अंकी असते. बायोस (मशीन सुरू करणारा आतला प्रोग्राम) अपडेट झाला किंवा दुकानदाराने मदरबोर्ड बदलला की मशीन ती मागू शकतं आणि तेव्हा ती नसेल तर कुठलाही कारागीर काही करू शकत नाही. मायक्रोसॉफ्ट खात्यात ती जमा झाली आहे का ते डोळ्यांनी बघा, शिवाय कागदावर उतरवून घरच्या कपाटात खरेदीखतांच्या पिशवीत ठेवा. सोसायटीचा लॅपटॉप असेल तर एक प्रत सेक्रेटरींकडे असू द्या. लॅपटॉपच्या बॅगेत मात्र तो कागद कधीही नको.

प्रवासाला निघताना लॅपटॉप शटडाउन करा. नुसतं झाकण लावलं की तो झोपलेला असतो, डिस्कचं कुलूप उघडं राहिलेलं असतं. पेनड्राइव्हमध्ये तीच कागदपत्रं उघडी नेत असाल तर वरची सगळी मेहनत पाण्यात, तोही एन्क्रिप्ट करा.

बॅकअप एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर घ्या आणि ती घरी ठेवा. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्हवर फाइल दिसते म्हणजे बॅकअप झाला असं समजू नका. इकडे खोडलेली फाइल तिकडेही खोडली जाते. महिन्यातून एकदा बॅकअपमधली एखादी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघा.

जीमेलला टू-स्टेप (पासवर्डनंतर फोनवरून दुसरी खातरजमा) लावलं असेल तर गूगल १० बॅकअप कोड देतं, तेही घरच्या कपाटात. फोन आणि लॅपटॉप एकाच बॅगेतून गेले तर दुसऱ्याच्या फोनवरून खात्यात शिरायला हेच कोड कामी येतात. शिरल्यावर आधी पासवर्ड बदला, चोरलेल्या मशीनचं लॉगिन काढा, आणि फोन हाती असेल तर व्हॉट्सअ‍ॅपच्या लिंक्ड डिव्हाइसेसमधूनही ते मशीन काढा.

लॅपटॉपच्या पाठीवरच्या सीरियल नंबरचा आणि खरेदीच्या बिलाचा फोटो घरच्या कुणाच्यातरी फोनवर पाठवून ठेवा, तक्रारीत तो लागतो. आपल्या भागात एक प्रश्न हमखास येतो: कागल सोडताना बॅग होती, कोगनोळी नाक्याच्या अलीकडे नव्हती, मग तक्रार महाराष्ट्रात की कर्नाटकात? १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, जवळच्या ठाण्यात माहिती देता येते. ‘आमची हद्द नाही’ म्हणाले तर झिरो एफआयआर, म्हणजे हद्द न बघता नोंदवली जाणारी तक्रार, मागा. राणी चेन्नम्मा एक्स्प्रेससारख्या रेल्वेगाडीत चोरी झाली तर रेल्वेच्या १३९ वर फोन करा किंवा टीटीईंना गाठा. ठाण्यात तक्रार कन्नडमध्ये लिहून घेतली आणि तुम्हाला वाचता येत नसेल, तर सही करण्याआधी वाचून दाखवायला सांगा. याच कलमात तशी तरतूद आहे. सीरियल नंबर तुमच्याकडच्या फोटोशी एकेक अक्षर ताडून घ्या आणि एफआयआरची प्रत घेऊनच बाहेर पडा. ती फुकट मिळते.