युगांडातल्या बुडोंगोच्या जंगलात चिंपांझींचा माग कसा काढाल

सर्दी-खोकला असेल तर जाऊच नका. चिंपांझी बघण्याच्या परमिटचे पैसे बुडाले तरी चालतील. माणसाच्या साध्या सर्दीचा विषाणू चिंपांझीचा जीव घेऊ शकतो. युगांडातल्याच किबालेच्या जंगलात 2013 मध्ये रायनोव्हायरस सी या सर्दीच्या विषाणूच्या साथीत एकाच समूहातले पाच चिंपांझी दगावले. म्हणूनच मास्क लावायचा असतो.

पीतज्वराची लस प्रवासाला निघण्याआधी किमान दहा दिवस घ्या आणि कार्ड पासपोर्टसोबत ठेवा. ते परत येताना भारतातही दाखवावं लागतं. गडद निळे-काळे कपडे नकोत, चावणाऱ्या त्सेत्से माश्या त्यांच्याकडे ओढल्या जातात. पँट मोज्यांत खोचा, चावऱ्या सफारी मुंग्यांची रांग पायाखाली कधी येईल सांगता येत नाही.

मसिंडी शहराहून मर्चिसन धबधब्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर बुडोंगोतलं कानियो पाबिडी लागतं. तिथून वाटाड्यासोबत पायी निघायचं, आणि शक्य तितक्या पहाटे. ताडोबात आपण चितळाचा, वानराचा कॉल ऐकून वाघ शोधतो; इथे ज्याला शोधायचं तोच ओरडतो. आधी खोल हू-हू, मग चढत जाणारी किंकाळी. मोठ्या झाडांच्या बुंध्याशी फळीसारखी सपाट मुळं असतात, ती नर हातापायांनी बडवतात. तो आवाज फार लांबून येतो. ऐकला की लगेच धावू नका. दुसऱ्या हाकेपर्यंत थांबा, म्हणजे ते एका जागी आहेत की चालू लागलेत ते कळतं.

जंगल गप्प असेल तर फळलेली झाडं गाठा. समूह मोठा असला तरी दिवसा त्याच्या लहान टोळ्या पांगतात. उंबराच्या जातीचं एखादं झाड पिकलं की पुष्कळ जण तिथे जमतात. झाडाखाली बघा: चावून रस काढून टाकलेला चोथा, अर्धवट खाल्लेली फळं, बिया असलेली विष्ठा. ओलं असेल तर मागावर आहात. चिखलात बोटांच्या सांध्यांचे ठसे शोधा, चिंपांझी हाताची बोटं मुडपून त्यांच्यावर भार देत चालतो.

मला सगळ्यात भरवशाची वाटते ती घरटी. रोज संध्याकाळी फांद्या वाकवून ते नवं घरटं करतात. पानं हिरवी आणि खाली ताजी लघवी-विष्ठा असेल तर रात्र तिथेच काढलेली. पानं करपली असतील तर पुढे चला.

भेट झाली की एक तास मिळतो. वाटाड्या सांगेल तेवढं अंतर राखा. फ्लॅश, खाणं, त्यांच्या आवाजाची नक्कल, काहीही नको. ते उतरून चालू लागले तर मागून जा, आडवे जाऊ नका.

एखाद्याचा पंजा वाकडा किंवा तुटलेला दिसेल. डुईकर हरणांसाठी लावलेल्या तारेच्या फाशांत चिंपांझी अडकतात. मला त्या जंगलात सगळ्यात जास्त तेच सलतं. वाटेत असा फास दिसला तर हात न लावता वाटाड्याला थांबवा आणि दाखवा. घाईत असलात तरी.