‘आमचं बँक खातं बदललंय’ असा ईमेल आला तर काय करावं?

नाशिकच्या अंबडला ओळखीच्यांचं सीएनसीचं, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचं वर्कशॉप आहे. सहा मशीन, नऊ माणसं. त्यांनी पुण्याच्या जुन्या पुरवठादाराला स्टीलचे सव्वाचार लाख आरटीजीएस केले आणि आठ दिवसांनी त्याचाच फोन आला, “शेठ, तेवढं पेमेंटचं बघा की.” पैसे गेले होते ते त्याच्या नावाने आलेल्या ईमेलमधल्या ‘नव्या’ खात्यात. ईमेलमध्ये संशय यावा असं काही नव्हतंच. पीओ (खरेदी ऑर्डर) नंबर बरोबर, रक्कम रुपया-पैशापर्यंत बरोबर, खालची सहीसुद्धा नेहमीचीच. चोर कित्येक दिवस यांच्याच इनबॉक्समध्ये बसून सगळा व्यवहार वाचत होता.

म्हणून ईमेल सुरक्षित कसा ठेवायचा असं कुणी विचारलं की मी पासवर्डच्या आधी पैशाचं सांगतो.

आधी पैशाचा नियम

खातं बदलल्याचा ईमेल आला की पेमेंट थांबवायचं आणि फोन करायचा. नंबर ईमेलमधला नाही, जुन्या बिलावरचा किंवा आपल्या मोबाइलमध्ये आधीपासून असलेला. ईमेललाच उत्तर देऊन “खरं का?” विचारू नका, “हो” म्हणायला चोर बसलेलाच असतो. एक रुपया पाठवून बघितला म्हणजे झालं, असंही नाही. तो रुपया मिळाला हे समोरच्याने ओळखीच्या आवाजात फोनवर सांगितलं, तरच त्याला अर्थ.

एप्रिल 2025 पासून आरटीजीएस-एनईएफटी करताना खातेदाराचं नाव आधी बघायची सोय बँकांनी दिली आहे. घाईत लोक ते न वाचताच पुढे जातात. फर्मचं नाव अपेक्षित असताना कुणा भलत्याच माणसाचं नाव दिसलं, तर तिथेच थांबा.

हाच नियम उलट्या बाजूनेही लावा. आपल्या बिलावर छापून टाका: “आमचं बँक खातं बदललं तर आम्ही फोनवर कळवू. ईमेलवर विश्वास ठेवू नये.” द्राक्षवाल्यांनी तर हे नक्की करावं. जानेवारी ते एप्रिल पिंपळगाव-दिंडोरीच्या पॅकहाउसमध्ये रात्री-अपरात्री माल भरला जातो, कंटेनर न्हावा-शेवाला निघालेले असतात, आणि युरोपातल्या खरेदीदाराला तुमच्या नावाने खोटा ईमेल गेला तरी ते बघायला इथे कुणाला फुरसत नसते. हंगाम सुरू होण्याआधी एकदा व्हिडिओ कॉलवर खाते क्रमांक वाचून दाखवा आणि नंतर बदल झालाच तर तोही तसाच कळवायचा, हे ठरवून घ्या.

मग कुलूप

बहुतेक छोट्या धंद्यांत एकच जीमेल असतं आणि त्याचा पासवर्ड मालक, अकाउंटंट, मुलगा आणि दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेला पोरगा, एवढ्यांना ठाऊक असतो. (तो व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर शोधला तरी सापडेल.) आज बदला. दुसरीकडे कुठेही न वापरलेला, लांब ठेवा. दुसऱ्यांना ईमेल बघायचे असतील तर जीमेलच्या सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’खाली दुसऱ्याला प्रवेश द्यायची सोय आहे, त्यासाठी पासवर्ड वाटावा लागत नाही.

टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक तपासणी, सुरू करा. एसएमएसवर येणाऱ्या कोडपेक्षा मोबाइलवरच कोड तयार करणारं ऑथेंटिकेटर अ‍ॅप बरं, आणि पासकी (पासवर्डऐवजी मोबाइलच्या लॉकने, म्हणजे बोटाच्या ठशाने किंवा पिनने लॉगिन) त्याहून बरी: कोड तुम्ही नकली पानावर टाकून बसू शकता, पासकी नकली पानावर चालतच नाही. बॅकअप कोड छापून तिजोरीत ठेवा. मोबाइल गोदावरीत पडला तर तेच कामाला येतील.

लपलेला नियम शोधा

हे कुणी करत नाही, आणि अंबडला घोळ इथेच होता. चोर आत शिरला की पहिल्यांदा एक फिल्टर लावून ठेवतो: ‘पेमेंट’ किंवा ‘इन्व्हॉइस’ शब्द असलेला प्रत्येक ईमेल माझ्याकडे पाठव, आणि मालकाच्या इनबॉक्समधून काढून टाक. तुम्ही पासवर्ड बदललात तरी हा नियम आपलं काम करतच राहतो.

कॉम्प्युटरवर जीमेल उघडा, सगळ्या सेटिंग्जमध्ये जा. ‘फिल्टर्स’ आणि ‘फॉरवर्डिंग’ हे दोन टॅब बघा. तुम्ही न लावलेलं जे दिसेल ते आधी मोबाइलवर फोटो काढून मग उडवा. नंतर इनबॉक्सच्या तळाशी उजवीकडे ‘डिटेल्स’ दाबा. कुठून कुठून लॉगिन झालं ते दिसतं. दर महिन्याला जीएसटी रिटर्न भरायच्या दिवशी हे बघायची सवय लावली तर लक्षात राहतं.

पत्ता नीट वाचा

नाव कुणीही काहीही लावू शकतं. ‘अ‍ॅट’नंतरचं अक्षर न् अक्षर वाचा. इंग्रजी लहान लिपीत आर आणि एन शेजारी आले की एमसारखे दिसतात, आणि चोरांचा तो आवडता खेळ आहे. लिंकमध्ये सुरुवातीच्या जोड तिरक्या रेषा सोडून पुढच्या पहिल्या तिरक्या रेषेच्या लगेच आधी काय आहे ते बघा: पत्ता ‘जीएसटी डॉट जीओव्ही डॉट इन’ने सुरू होऊन ‘डॉट एक्सवायझेड’ने संपत असेल तर तो सरकारी नाही. नोटिशीचा ईमेल आला तर लिंक न दाबता पोर्टल स्वतः टाइप करून उघडा. नोटीस खरी असेल तर तिथे दिसेल. बँकांसाठी रिझर्व्ह बँकेने ‘डॉट बँक डॉट इन’ असा वेगळा डोमेन आणला आहे, तोही बघत जा.

स्वतःचा डोमेन (‘अ‍ॅट’नंतर आपल्याच फर्मचं नाव) असेल तर वेबसाइटवाल्याला एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क लावून द्यायला सांगा. तुमच्याच पत्त्यावरून खोटे ईमेल पाठवणं त्याने अवघड होतं. मिळत्याजुळत्या पत्त्याला मात्र त्याने आळा बसत नाही.

पैसे गेलेच तर

तासांचा हिशेब असतो. लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, त्याच वेळी दुसऱ्या माणसाने आपल्या बँकेला फोन, आणि यूटीआर नंबर (बँकेने त्या व्यवहाराला दिलेला क्रमांक) हाताशी. मग राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार. शहरात असाल तर नाशिक शहर सायबर पोलीस ठाणं, सिन्नर-निफाडकडे असाल तर ग्रामीणचं. तो ईमेल रागाने डिलीट करू नका. जीमेलमध्ये ‘शो ओरिजिनल’ दाबून मूळ प्रत उतरवून घ्या, पोलिसांना स्क्रीनशॉटपेक्षा ती उपयोगी पडते.

आणि त्याच दिवशी बाकीच्या गिऱ्हाइकांना, पुरवठादारांना एकेक करून फोन लावा. अंबडवाल्यांनी आधी सगळ्यांना ईमेल केला होता. फिल्टर तेव्हा अजून तसाच होता.