कामात लपलेल्या जादूची कादंबरी कशी रचावी

शहरी फँटसी, म्हणजे आजच्या शहरात घडणारी जादूची कथा, लिहायला बसलं की बहुतेक जण आधी जादू शोधतात आणि मग ती एखाद्या धंद्याला चिकटवतात. शिंपी आहे, त्याची सुई मंतरलेली. कुलूपवाला आहे, त्याच्याकडे कुठलंही दार उघडणारी किल्ली. अशी कादंबरी पन्नासेक पानांत अडते, कारण सुईच्या जागी पेन ठेवलं तरी कथेचं काही बिघडत नाही. क्रम उलटा ठेवा. आधी काम निवडा, मग त्या कामातलं एक मोजमाप, आणि मग त्या मोजमापात न बसणारी एक गोष्ट. जादू तिथून काढा.

कामाची निवड

काम असं हवं की ज्यात काहीतरी मोजलं जातं, चुकलं तर कुणाला तरी झळ बसते आणि निम्मं ज्ञान हाताला किंवा कानाला असतं. बंद दारांमागे जायची मुभा असेल तर आणखी उत्तम. पाण्याच्या पाइपांची गळती शोधणारे लोक रात्री काम करतात. तेव्हा रहदारीचा आवाज नसतो, वापर कमी असल्यामुळे पाइपातला दाब वाढलेला असतो आणि जमिनीला टेकवलेल्या दांडीतून गळतीचा आवाज नीट येतो. यात कथानकाची वेळ, जागा आणि ज्ञानेंद्रिय तिन्ही आयती मिळतात. कुलूपाच्या कामात पिना एका रेषेत येणं आहे, छपाईत एका रंगावर दुसरा रंग बिनचूक बसवणं आहे, शिवणात वरच्या आणि बॉबिनच्या धाग्याचा ताण आहे. ‘ऑफिसातली जादूची फाइल’ मात्र टाळा. फाइल म्हणजे कागद. तिच्यात हाताला जाणवेल असं काही घडत नाही.

कारागिराशी बोलताना ‘तुम्ही काय काम करता’ असं विचारलं तर पाठ केलेलं उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: नवीन पोरगा पहिल्या महिन्यात काय मोडतो? बिघाड होण्याआधी कसला आवाज येतो? तपासणीत पास होतं पण तुम्हाला पटत नाही, असं काय असतं? शेवटचा प्रश्न सोन्यासारखा आहे. नोंदवहीत पास आणि कारागिराच्या मनात नापास, या फटीत जादू बसते.

एक उदाहरण पूर्ण सोडवून

नायिका लिफ्ट मेकॅनिक आहे असं धरू. दोर तुटला की लिफ्ट कोसळते असं वाचकाला वाटत असतं. खरं तर दोर एकापेक्षा जास्त असतात, आणि केबिनचा खाली येण्याचा वेग ठरलेल्या मर्यादेपुढे गेला तर गव्हर्नर (वेगावर पहारा ठेवणारा भाग) सुटतो आणि केबिनखालच्या पाचरी गाइड रेलला, म्हणजे केबिन ज्यांच्या आधाराने सरकते त्या रुळांना, आवळतात. एलिशा ओटिसने १८५४ मध्ये न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात, स्वतः फलाटावर उभं राहून दोर कापायला लावला होता, तो दोर तुटला तरी फलाट धरून ठेवणारा सुरक्षा-ब्रेक दाखवायला. तेव्हा कोसळणारी लिफ्ट सोडा. काउंटरवेट घ्या, म्हणजे दोराच्या दुसऱ्या टोकाला केबिन तोलून धरणारं वजन. ते कमी वापरलं गेलंय.

काउंटरवेटचं वजन म्हणजे केबिनचं वजन अधिक क्षमतेच्या साधारण ४० ते ५० टक्के. केबिन ८०० किलोची, क्षमता ६३० किलो आणि समतोल ५० टक्के धरला तर काउंटरवेट ८०० अधिक ३१५, म्हणजे १,११५ किलो. म्हणून रिकामी केबिन मोकळी सोडली तर ती खाली पडत नाही, वर ओढली जाते. ही एक गोष्ट पहिल्याच प्रकरणात दाखवा. पुढचं सगळं तिच्यावर उभं राहतं.

आता नियम: दिवसभराचं काम उरकून लिफ्टमध्ये शिरणाऱ्या माणसाचा थकवा केबिनमधून निघून काउंटरवेटमध्ये जातो. माणूस हलका होऊन बाहेर पडतो. थकवा नाहीसा होत नाही, नुसता जागा बदलतो. माणशी अर्धा किलो धरा.

इथपर्यंत कल्पना गोड आहे, आणि गोड कल्पनेवर कादंबरी चालत नाही. म्हणून हिशोब करा. लिफ्टचा ब्रेक (वरच्या पाचरी नव्हे, मोटरजवळचा रोजचा ब्रेक) क्षमतेच्या १२५ टक्के भार घेऊन खाली येणारी केबिन थांबवू शकला पाहिजे. १२५ टक्के म्हणजे ७८७.५ किलो. त्यात केबिनचे ८०० मिळवून १,११५ वजा केले की उरतात ४७२.५ किलो. ब्रेकने एवढा फरक धरायला हवा. रिकाम्या केबिनच्या बाजूने आज ३१५ किलोचा फरक आहे. म्हणजे काउंटरवेटमध्ये आणखी १५७.५ किलो साठेपर्यंत ब्रेक त्याच्या हिशोबातच आहे. अर्ध्या किलोने भागलं तर ३१५ माणसं. तीनशे सोळाव्या माणसानंतर रिकामी केबिन वर सरकण्याचा धोका दारात उभा. कथेचा काळ, मर्यादा आणि संकट तिन्ही एका वजाबाकीत मिळाले. (दोरांचं वजन यात सोडून दिलंय, उंच इमारत घ्यायची असेल तर तेही धरा.)

जादूचा माग लागतो कसा, हेही कामातूनच येऊ द्या. समतोल तपासताना केबिनमध्ये वजनं ठेवत जातात आणि क्लॅम्प मीटरने (तारेभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारं यंत्र) वर जाताना व खाली येताना मोटरचा करंट मोजतात. दोन्ही आकडे जिथे जुळतात तो समतोलाचा भार. आपल्या लिफ्टमध्ये ते ३१५ किलोला जुळायचे, आता ४१५ ला जुळतात. शंभर किलो कुठून आले? नायिका पिटमध्ये, म्हणजे लिफ्टच्या तळाच्या खड्ड्यात, उतरून काउंटरवेटमध्ये रचलेल्या वजनाच्या प्लेटा मोजते. एकही जादा नाही. वाचकाला जादू आहे असं सांगायची गरजच उरत नाही.

नियम एका पानात मावायला हवेत, आणि शक्यतो तीनच: काय हलतं, कुठे जातं, किती झाल्यावर काय तुटतं. चौथा नियम लिहावासा वाटला तर आधीच्या तिघांपैकी एक सैल आहे असं समजा.

लपलेली का राहते

इथे बहुतेक हस्तलिखितं घसरतात. लोकांची स्मृती पुसणारी गुप्त संघटना आणली की प्रत्येक अडचण तिच्यावर ढकलता येते आणि ताण संपतो. ‘कुणी लक्षच देत नाही’ हेही अपुरं, कारण चारशे पानं कुणीच लक्ष देत नाही हे पटत नाही. जादूच्या प्रत्येक खुणेला एक कंटाळवाणं, पटण्याजोगं स्पष्टीकरण जोडा. रिकामी खाली येताना करंट जास्त घेते? व्होल्टेज कमी असेल, बेअरिंग सुकलं असेल. मजल्याशी पातळी चुकते? ब्रेकचं लायनिंग झिजलं असेल. अशा आठदहा खुणांची दोन रकानी यादी करून ठेवा. स्पष्टीकरण खोटं असायला नको, फक्त या वेळी लागू नसावं.

यातूनच प्रतिनायक मिळतो. त्याला दुष्ट करू नका. ठरलेल्या दिवशी प्रमाणित वजनं घेऊन भारचाचणीला येणारा काटेकोर तपासनीस पुरतो. तो त्याचं काम जितकं चोख करेल तितकी नायिका अडचणीत.

एकच काम तीनदा

८० ते ९० हजार शब्दांची कादंबरी आणि १,२०० ते १,८०० शब्दांचे प्रसंग धरले तर पन्नास-साठ प्रसंग होतात. त्यांतले तीन आधी लिहून काढा, बाकीचे नंतर. पहिल्यात काम जादूशिवाय, नेहमीच्या क्रमाने: पाटी लावणं, केबिनवर चढण्याआधी स्टॉप स्विच दाबणं, तपासणीच्या संथ वेगाने शाफ्टमधून (केबिन ज्यातून वरखाली जाते त्या उभ्या पोकळीतून) जाणं, दोराच्या तुटलेल्या तारा बघणं. हा प्रसंग पहिल्या दहा टक्क्यांत यावा. दुसऱ्यात तोच क्रम, पण एक आकडा चुकतो. तिसऱ्यात नायिका क्रम मोडते, आणि काय मोडलं हे वाचकाला न सांगता कळतं, कारण त्याने ते दोनदा पाहिलंय. पहिला प्रसंग कंटाळवाणा वाटतो म्हणून कापला तर तिसरा कोसळतो. कापायचा मोह होणारच. त्याऐवजी त्यात दोन माणसांमधला एखादा वाद घाला.

धंद्यातले शब्द बोलतात तसेच ठेवा आणि अर्थ कृतीतून येऊ द्या:

‘काका, रिकामी आहे तरी ब्रेक सोडला की वर पळतेय.’
‘पळणारच. पलीकडे वजन जास्त आहे. तू आधी हात बाजूला घे.’

दोन ओळींत भौतिकशास्त्र, नातं आणि धोका आले. चाळीसेक शब्दांचा कोश जमवलात तरी पानावर बारा-पंधराच येऊ द्या, आणि एका प्रसंगात दोनांहून जास्त नवे नकोत.

नेहमी बिघडतं ते

मध्यावर गाडी रुतली तर बहुधा किंमत चुकीच्या माणसाने मोजलेली असते. थकवा जातो परक्यांचा आणि झीज होते यंत्राची, मग नायिकेने काय गमावलं? तिला निवड करावी लागेल असं करा: प्लेटा काढून समतोल परत आणता येतो, पण काढलेल्या प्लेटा कुठेतरी न्याव्याच लागतात, आणि उचलणाऱ्याला त्यातला थकवा लागतो. आता प्रत्येक दुरुस्तीला बिल आहे.

दुसरं म्हणजे पसारा. लिफ्टमध्ये जादू जमली की गवंडी, टायपिस्ट, सफाई कामगार सगळ्यांना वाटून टाकावीशी वाटते. पहिल्या कादंबरीत एक मुख्य काम आणि त्याला टेकलेलं फार तर एक. शहर दाखवायला तेवढं पुरतं, कारण लिफ्टवाल्याला वीजवाला लागतोच.

अभ्यासासाठी स्वतः शाफ्टमध्ये किंवा केबिनच्या टपावर जाऊ नका. मशीन रूमच्या दाराबाहेर उभं राहून, परवानगीने, ब्रेक सुटण्याचा आणि बसण्याचा आवाज ऐका. लिहायला तेवढा माल पुरतो.

मसुदा झाल्यावर फक्त कामाचे तीन प्रसंग वेगळे काढून त्या धंद्यातल्या माणसाला वाचायला द्या. जादूबद्दल मत विचारू नका. कुठे थांबून ‘असं कुणी करत नाही’ म्हणतो तेवढं टिपा आणि आधी ते दुरुस्त करा. दुरुस्तीनंतर वजाबाकी पुन्हा करून बघा. एखादी प्लेट इकडची तिकडे झाली असेल तर माणसांचा आकडाही बदललेला असतो.