पेटी कुठून आली, कुठे गेली: ट्रेसेबिलिटीच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

नागपूरजवळच्या बुटीबोरी, हिंगणा, मिहान किंवा वाडीच्या गोदामांत ‘एमईएस सपोर्ट’, ‘डब्ल्यूएमएस एक्झिक्युटिव्ह’, ‘ट्रेसेबिलिटी कोऑर्डिनेटर’ अशा नावांनी जागा निघतात. (एमईएस म्हणजे उत्पादनाची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर, डब्ल्यूएमएस म्हणजे गोदामाचं, आणि ट्रेसेबिलिटी म्हणजे मालाचा माग.) नावं वेगळी असली तरी काम एकच. हातातली पेटी कोणत्या कच्च्या मालापासून झाली ते मागे जाऊन सांगायचं, आणि एका कच्च्या मालापासून झालेल्या सगळ्या पेट्या कुठे गेल्या ते पुढे जाऊन सांगायचं. नवीन मुलं येतात ती सॉफ्टवेअरच्या स्क्रीन पाठ करून. माग मात्र स्क्रीनवर तुटत नाही. माल मिसळतो तिथे तुटतो. म्हणून पहिले पंधरा दिवस लॅपटॉप बाजूला ठेवा आणि लाइनवर उभे राहा.

नागपूरचंच उदाहरण घ्या. संत्र्याच्या पॅकहाउसमध्ये माल उतरतो, धुतला जातो, वाळतो, मेण चढतं, आकारानुसार प्रतवारी होते आणि पेट्या भरतात. काटोल, नरखेड, वरुडकडून तीन शेतकऱ्यांच्या गाड्या आल्या असं धरू: अ लॉट १,८४० किलो, ब लॉट २,२६० किलो, क लॉट १,९०० किलो. आवक ६,००० किलो. दिवसाअखेर १० किलोच्या ५५२ पेट्या झाल्या, म्हणजे ५,५२० किलो, आणि डागी-बारका माल ३९० किलो बाजूला पडला. हिशोब लागला ५,९१० किलोंचा. ९० किलो कमी, म्हणजे दीड टक्का. बहुतेक जण इथे वही मिटतात.

आता तेच आकडे लॉटवार मांडा:

अ: १७६ पेट्या, १४५ किलो डागी. एकूण १,९०५. आवकेपेक्षा ६५ किलो जास्त.
ब: १९६ पेट्या, १३० किलो डागी. एकूण २,०९०. १७० किलो कमी.
क: १८० पेट्या, ११५ किलो डागी. एकूण १,९१५. १५ किलो जास्त.

१,८४० किलो संत्र्यातून १,९०५ किलो निघत नाही. ‘ब’ची फळं पट्ट्यावर आली तेव्हा प्रिंटरवर अजून ‘अ’चंच लेबल चालू होतं. पुढच्या बदलाला उलट झालं: ‘ब’ची शेपटी लाइनवर असतानाच ‘क’चं लेबल लावलं. उद्या ‘ब’च्या बागेतल्या फळांत फवारणीचे अवशेष मर्यादेपेक्षा जास्त निघाले, तर ‘ब’च्या १९६ पेट्या परत मागवून भागणार नाही, ‘अ’ आणि ‘क’च्या नावावर गेलेल्या काही पेट्यांतही तोच माल आहे, आणि त्या नेमक्या कोणत्या हे कुणालाच सांगता येणार नाही. मग तिन्ही लॉट परत.

उपाय साधा आहे, पण सुपरवायझरला आवडत नाही. एक लॉट संपला की पट्टा रिकामा होईपर्यंत पुढचा लॉट ओतायचा नाही, डागी मालाचे क्रेट बदलायचे, उरलेली लेबलं मोजून फाडायची आणि मगच नवा लॉट नंबर टाकायचा. याला लाइन क्लिअरन्स म्हणतात. मोकळा पट्टा म्हणजे वाया गेलेला वेळ, म्हणून आंबिया बहाराच्या गर्दीत हीच पायरी आधी उडते. ती उडणारच असेल, तर दोन्ही लॉटच्या सीमेवरच्या पेट्यांना ‘अ+ब’ असा मिश्र लॉट नंबर द्या. मिसळ कबूल केलेली नोंद खोट्या स्वच्छ नोंदीपेक्षा कितीतरी कामाची.

आणि ते ९० किलो? वीस भरलेल्या पेट्या काट्यावर ठेवून पाहा. वजन कमी भरू नये म्हणून पेटी भरणारे दीडशे ग्रॅम जास्त टाकत असतील, तर ५५२ पेट्यांत जवळपास ८३ किलो तिथेच गेले. चोरीचा संशय घेण्याआधी काटा बघावा.

आता नंबरांकडे. जीएस१ या बारकोड नंबरांच्या जागतिक पद्धतीत वस्तूचा नंबर जीटीआयएन, ठिकाणाचा जीएलएन आणि पॅलेटचा (पेट्या रचून एकत्र उचलायच्या पाटाचा) एसएससीसी. किरकोळ विक्रीच्या वस्तूच्या जीटीआयएनमध्ये १३ आकडे, पेटीच्या जीटीआयएनमध्ये १४, जीएलएनमध्ये १३, एसएससीसीमध्ये १८. भारतातल्या संस्थेकडून घेतलेले वस्तूंचे नंबर ८९० ने सुरू होतात. त्यावरून माल भारतात बनला असं मात्र ठरत नाही. शेवटचा आकडा पडताळणीचा असतो आणि नवखे हमखास तिथेच चुकतात. सुट्या पुड्याचा नंबर समजा ८९०१२३४५६७८९०. पेटीचा नंबर हवा म्हणून पुढे नुसता १ लावला की झाला १८९०१२३४५६७८९०, आणि हा नंबर चूक आहे. शेवटचा आकडा नव्याने काढावा लागतो. उजवीकडून, पडताळणीचा आकडा सोडून, आकड्यांना आळीपाळीने ३ आणि १ ने गुणा. सुट्या पुड्याची बेरीज १३० येते, म्हणून शेवटी ०. पेटीत पुढच्या १ चे ३ वाढून १३३ होते, वरच्या दशकाला ७ कमी, म्हणून खरा नंबर १८९०१२३४५६७८९७. हे एकदा कागदावर करून पाहा, मुलाखतीत विचारतात.

पेटीवरच्या लांब बारकोडमध्ये प्रत्येक माहितीआधी तिची ओळख असते: (०१) जीटीआयएन, (१०) बॅच, (११) उत्पादन तारीख, (१७) मुदत, (२१) अनुक्रमांक. कंस फक्त माणसाला वाचायला छापतात, बारकोडच्या आत ते नसतात. जीटीआयएन आणि तारखांची लांबी ठरलेली, पण बॅच २० अक्षरांपर्यंत कितीही लांब असू शकते. ती कुठे संपली हे स्कॅनरला कळावं म्हणून मागे एक विभाजक चिन्ह लागतं. ते राहिलं तर पुढची मुदतीची तारीख बॅच नंबरालाच चिकटते आणि सिस्टीममध्ये जगात नसलेली बॅच तयार होते. म्हणून ठरलेल्या लांबीच्या गोष्टी आधी आणि बॅच शेवटी. विभाजक छापलेलं असूनही हाच प्रकार घडत असेल तर स्कॅनरची सेटिंग तपासा. कीबोर्डसारखं काम करणारे स्कॅनर ते चिन्ह बरेचदा गाळून टाकतात.

छपाईचं थोडक्यात. २०३ डीपीआयच्या (इंचाला २०३ ठिपके छापणाऱ्या) प्रिंटरचा एक ठिपका सुमारे ०.१२५ मिलिमीटर. सर्वांत बारीक रेघ चार ठिपक्यांची ठेवली की ती अर्ध्या मिलिमीटरची होते आणि गोदामात लांबूनही वाचली जाते. साडेतीन ठिपके प्रिंटर छापू शकत नाही, म्हणून डिझाइनमध्ये बारकोड माउसने ओढून लहानमोठा करू नये. दोन्ही बाजूंना रेघेच्या दहापट कोरी जागा हवी. आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली किंवा ट्रकच्या ताडपत्रीखाली साधं डायरेक्ट थर्मल लेबल काळवंडतं. रिबनवालं थर्मल ट्रान्सफर घ्या. खर्च वाढतो हे खरं, पण कोरं किंवा काळं लेबल असलेली पेटी म्हणजे अनाथ पेटी.

आरएफआयडीबद्दल, म्हणजे रेडिओ लहरींनी वाचल्या जाणाऱ्या टॅगबद्दल, फार उत्सुकता असते, म्हणून इतकंच: पाणी या टॅगच्या यूएचएफ लहरी शोषून घेतं आणि धातू त्या परतवतो. संत्री म्हणजे पाणीच. भरलेल्या पॅलेटच्या पोटातले टॅग वाचले जात नाहीत; बाहेरच्या बाजूला, दर पॅलेटला एक टॅग, हे जमतं.

सिस्टीमच्या पोटात काय चालतं? ईआरपीला, म्हणजे कंपनीच्या व्यवहारांच्या सॉफ्टवेअरला, खरेदी, साठा आणि बिल कळतं. एमईएसला कोणत्या मशीनवर कोणती बॅच किती वाजता चालली ते कळतं. डब्ल्यूएमएसला कोणत्या रॅकवर काय आहे ते. तिन्ही आपापल्या जागी ठीक असतात. सांध्यावर गडबड होते. एसएपी या ईआरपीत बॅच नंबरला १० अक्षरांची जागा आहे. पुरवठादाराचा बॅच नंबर १२ अक्षरांचा असेल आणि दोन सिस्टीम जोडणाऱ्या इंटरफेसने मागचे दोन कापले, तर शेवटच्या अक्षरातच फरक असलेल्या दोन बॅच एक होऊन जातात, आणि एररही येत नाही. पुरवठादाराच्या बॅचसाठी वेगळा रकाना असतो. तो नंबर तिथेच पूर्ण ठेवावा आणि आपला आतला नंबर आपण द्यावा.

कंपन्यांमध्ये माहिती द्यायची-घ्यायची असेल तर ईपीसीआयएस हे मानक शिकून ठेवा. २०२२ मध्ये आलेल्या २.० आवृत्तीत जेसन हा वेबवरचा नेहमीचा डेटा फॉरमॅट चालतो, त्यामुळे वेब डेव्हलपरला ते परकं वाटत नाही. प्रत्येक नोंद काय, कुठे, कधी, का आणि कशा स्थितीत यांची उत्तरं देते. ऑब्जेक्ट, अ‍ॅग्रिगेशन, ट्रान्झॅक्शन, ट्रान्सफॉर्मेशन आणि असोसिएशन असे पाच प्रकार. पेट्या पॅलेटवर चढल्या हे अ‍ॅग्रिगेशन. गर, साखर आणि खवा मिळून संत्रा बर्फी झाली हे ट्रान्सफॉर्मेशन. पॅलेट फोडला की अ‍ॅग्रिगेशन मोडल्याची नोंदही करावी लागते. ती कुणी करत नाही. मग कागदावर ४० पेट्यांचा पॅलेट अमरावतीला पोचतो आणि प्रत्यक्षात त्यातल्या सहा वाडीच्या गोदामातच असतात.

‘कधी’ हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. गोदामाच्या कोपऱ्यात वायफाय पोचत नाही, हातातला स्कॅनर (हँडहेल्ड) ऑफलाइन स्कॅन करतो आणि तासाभराने सगळं एकदम वर पाठवतो. स्कॅनची वेळ आणि सर्व्हरवर पोचल्याची वेळ वेगळ्या रकान्यांत ठेवा आणि क्रम स्कॅनच्या वेळेने लावा, नाहीतर माल भरण्याआधीच रवाना झालेला दिसेल. दुसरं, बहुतेक सर्व्हर यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, वेळ ठेवतात, भारताची वेळ त्यापुढे साडेपाच तास. रात्रपाळीत २ वाजता केलेला स्कॅन यूटीसीत आदल्या दिवशीचे रात्रीचे ८:३० दाखवतो. तारखेवर रिपोर्ट काढला की अर्धी रात्रपाळी कालच्यात जाते.

एक्सेलपासून जपा. त्यात आकड्याचे पहिले १५ अंकच टिकतात. १८ आकडी एसएससीसी सीएसव्हीतून थेट उघडला की शेवटचे तीन अंक शून्य होतात, आणि फाइल सेव्ह केली की ते परत मिळत नाहीत. सुरुवातीची शून्यंही जातात. रकाना आधी ‘टेक्स्ट’ करून डेटा आयात करायचा.

अभ्यास काय करावा? डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा, एसक्यूएल, चांगली आलीच पाहिजे, त्यातही रिकर्सिव्ह क्वेरी, कारण बॅचमधून बॅच, तिच्यातून पुन्हा बॅच असं झाड उलगडावं लागतं. वरच्या तीन लॉटच्या आकड्यांवर घरीच एक लहान डेटाबेस बांधा: आवक, रूपांतर, पेटी, पॅलेट, रवानगी असे पाच तक्ते. एका पेटीपासून मागे आणि एका लॉटपासून पुढे जाणाऱ्या दोन क्वेरी लिहा. प्रमाणपत्रांच्या ढिगापेक्षा हे दाखवलेलं बरं, असं आमचं मत. कायद्याची तोंडओळख हवी: औषधांत निवडक ३०० ब्रँडवर १ ऑगस्ट २०२३ पासून बारकोड किंवा क्यूआर सक्तीचा आहे, आणि खाद्यपदार्थाच्या लेबलवर लॉट किंवा बॅच नंबर लागतोच. फळांच्या निर्यातीत जायचं असेल तर अपेडा या सरकारी कृषी-निर्यात संस्थेची हॉर्टिनेट ही ऑनलाइन माग-प्रणाली पाहून ठेवा. तिथे बागेच्या नोंदणीपासून सुरुवात होते.

नोकरी लागल्यावर लवकरच मॉक रिकॉल, म्हणजे माल परत मागवण्याचा सराव, करायची वेळ येईल. बीआरसी या अन्नसुरक्षा मानकाने चालणाऱ्या कारखान्यात पूर्ण माग चार तासांत लागायला हवा. सरावाला नेहमीची सुटसुटीत बॅच घेऊ नका. रीवर्क झालेली घ्या, म्हणजे तुटलेली बर्फी दुसऱ्या दिवशीच्या घाण्यात परत टाकलेली. तिथे कालची बॅच आजचा कच्चा माल झालेली असते, आणि बहुतेक ठिकाणी तिची नोंद मिक्सरशेजारी टांगलेल्या वहीत पेन्सिलने केलेली सापडते. ती वही कुणाच्या ताब्यात असते, एवढं पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा.