श्रिंक पॅकिंगची आयडिया 'ऑब्व्हियस' आहे का, हे कसं तपासायचं

संत्र्याचा सीझन आला की नागपुरात कोणी ना कोणी नवीन पॅकिंग काढतंच, आणि लगेच विचारतं, याचं पेटंट होईल का? आता नवीन असणं तर पाहिजेच, पण खरी गाडी अडते पुढच्या प्रश्नावर, की या धंद्यातल्या साध्या जाणकार माणसाला हे सहज सुचलं असतं का. सुचलं असतं तर ते 'ऑब्व्हियस', म्हणजे उघडच, आणि मग पेटंट नाही.

उदाहरण घेऊ. समजा बुटीबोरीच्या एका युनिटने सहा संत्री ट्रेमध्ये ठेवून वरून श्रिंक फिल्म, म्हणजे गरम केली की आखडून घट्ट बसणारी प्लास्टिकची फिल्म, मारली, हवेसाठी बारीक छिद्रं दिली आणि उघडायला फाडपट्टी दिली.

पहिलं काम, क्लेम वाचा. पेटंटच्या अर्जात पानंच्या पानं कौतुक असतं, त्याच्यात अडकू नका. हक्क मागितला जातो तो शेवटी दिलेल्या क्लेममध्ये, तेवढंच तोलायचं. त्याचे तुकडे करा: ट्रे, फिल्म, छिद्रं, फाडपट्टी.

दुसरं, तारीख पक्की करा. प्रायॉरिटी डेट, म्हणजे या शोधासाठी पहिला अर्ज टाकल्याची तारीख, तिच्या आधीचंच धरायचं, नंतरचं कितीही जुळत असलं तरी बाजूला ठेवा. छापलेलं जगात कुठलंही चालतं, जपानचं पेटंट असो की जर्मनीतल्या मशीनवाल्याचा कॅटलॉग, पण 'आधीपासून वापरात होतं' म्हणायचं असेल तर तो वापर भारतातला आणि उघड झालेला लागतो. शोधायला इनपास, एस्पेसनेट, गुगल पेटंट्स या पेटंट शोधायच्या वेबसाइट, तिन्ही फुकट आहेत. नुसतं 'श्रिंक' टाकून बसाल तर ढीगभर कचरा येईल, म्हणून पेटंटची विषयवार वर्गवारी असते तिच्यातले वर्गाचे नंबर वापरा: बी६५बी ५३ म्हणजे पॅकिंगचं आवरण आखडवणं, बी२९सी ६१ म्हणजे आखडणारा माल बनवणं. एवढं करूनही जमत नसेल तर आपल्याच गावात, सिव्हिल लाइन्सला, राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे, तिथे या विषयाचं ट्रेनिंग होत असतं.

तिसरं, तो 'जाणकार माणूस' डोळ्यासमोर आणा. हा काही आयआयटीचा प्रोफेसर नाही आणि नवीन लागलेला हेल्परही नाही. याला माहीत आहे की फिल्म गरम असताना ताणतात, ताणलेलीच थंड करतात, म्हणून टनेलमध्ये, म्हणजे पॅक ज्यातून जातो त्या गरम बोगद्यात, परत गरमी लागली की ती मागे आखडते. पीव्हीसी, पॉलिओलेफिन, पीईटीजी या प्लास्टिकच्या जातींतलं कोणतं कुठे लावायचं हेही त्याला कळतं. पीव्हीसी काढून पॉलिओलेफिन लावली, टनेलचं तापमान थोडं वरखाली केलं, हे तर तो चहा पिता पिता करेल.

आता मेन गोष्ट. क्लेम आणि जुनं ज्ञान यांच्यात फरक काय उरला तो एका वाक्यात लिहा आणि विचारा, हा फरक त्या माणसाने केला असता का? 'करू शकला असता' हा प्रश्न चुकीचा आहे, कारण उत्तर समोर आल्यावर सगळंच सोपं वाटतं आणि इथेच भले भले घसरतात. एका जुन्या कागदात छिद्रं सापडली, दुसऱ्यात फाडपट्टी, तर दोन्ही एकत्र करायचं काही कारण त्या काळात होतं का ते दाखवावं लागतं. आपल्या ट्रेच्या केसमध्ये ते आहे हो. फळाला हवा पाहिजे आणि गिऱ्हाईकाला पॅक उघडता आला पाहिजे, दोन्ही उघड गरजा आहेत आणि दोन्ही तुकडे आपापलं जुनंच काम करून राहिले. असल्या नुसत्या मांडणीला पेटंट कायद्याच्या कलम ३(एफ) मध्येच नकार आहे. सुप्रीम कोर्टानेही १९७८ मध्ये बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल या केसमध्ये, लेथवर भांडी धरायच्या पद्धतीबद्दल, हेच म्हटलं की नुसती वर्कशॉपमधली सुधारणा म्हणजे शोध नाही.

पण समजा सगळे जुने कागद सांगतात की छिद्रं आखडवल्यानंतर पाडा, आधी पाडली तर टनेलमध्ये ती फाकतात. आणि या पठ्ठ्याने आधीच पाडली, फक्त त्यांचा आकार आणि दिशा अशी ठेवली की फाकून ती बरोबर पाहिजे त्याच मापाला येऊन थांबतात. इथे मी ऑब्व्हियस म्हणणार नाही. सगळे नको म्हणत होते तिकडे जाऊन काम झालं, हा बळकट पुरावा आहे. मात्र तो परिणाम आकड्यांसकट अर्जात पाहिजे, नुसतं 'उत्तम परिणाम मिळाला' लिहून भागत नाही.

माल जोरात खपतो, म्हणजे शोध भारी, असं काहीजण म्हणतात. त्याच कायद्याच्या कलम २(१)(जेए) मध्ये आर्थिक महत्त्वाचा उल्लेख आहे खरा, पण त्याच वाक्यात पुढे 'जाणकाराला उघड नसलेलं' ही अट आहेच, ती काही सुटत नाही. खप तर जाहिरातीनेही वाढतो.

तुमच्या ट्रेचं असंच निघालं, म्हणजे बाकी सगळं जुनं आणि छिद्रांचा आकार तेवढा खरा, तर अर्ज टाकायच्या आधीच मेन क्लेममध्ये तो आकार घाला. 'छिद्रं असलेली फिल्म' एवढाच मोघम क्लेम ठेवाल तर पेटंट ऑफिसचा परीक्षक पहिल्याच रिपोर्टमध्ये तो उडवायला बघेल.