दाता तारा मोजताना या चुका टाळा

हंस तारकासमूहातल्या व्ही404 सिग्नी या जोडीत एक कृष्णविवर आहे आणि त्याला आपला वायू देणारा, सूर्याहून थंड असा एक तारा. कृष्णविवर दिसत नाही, म्हणून त्याचं वस्तुमान दात्यावरून काढावं लागतं. दात्याचं मोजमाप चुकलं की पुढचा सगळा हिशेब चुकला.

पहिला घोळ होतो आवर्तकालात. दाता गोल नसतो. जोडीदाराच्या ओढीने तो थेंबासारखा ताणलेला असतो. एका फेरीत त्याची लांबट बाजू दोनदा समोर येते आणि प्रकाश दोनदा वाढतो. त्यामुळे नुसता प्रकाशाचा आलेख दिला तर संगणक खुशाल 3.24 दिवस सांगतो. खरी फेरी 6.47 दिवसांची. दात्याच्या वर्णपटातल्या रेषांवरून कळणारा वेग एका फेरीत एकदाच वरखाली होतो, त्याच्याशी पडताळून पाहिल्याशिवाय आकडा लिहू नका.

सगळ्यात महागात पडतं ते चकतीला विसरणं. दात्याकडून आलेला वायू कृष्णविवराभोवती चकतीसारखा फिरतो. या चकतीचा स्वतःचा उजेड मिसळला की दात्याचा चढउतार पातळ दिसतो, ताकात पाणी वाढवावं तसा. मग वाटतं, कक्षा आपल्याला जवळजवळ वरून दिसतेय. आणि कक्षेचा कल असा कमी धरला की खरा वेग जास्त मानावा लागतो, म्हणून वस्तुमान फुगतं. 1990च्या दशकात अवरक्त प्रकाशात चकती नगण्य धरली गेली आणि उत्तर आलं सुमारे 12 सूर्य. 2010मध्ये चकतीचा वाटा वजा केल्यावर ते 9च्या आसपास उतरलं. उपाय सोपा, पण कंटाळवाणा: त्याच जातीच्या एकट्या ताऱ्याचा वर्णपट शेजारी ठेवा. दात्याच्या रेषा जितक्या उथळ, तितका उजेड परका.

1989 किंवा 2015सारख्या उद्रेकात तर दाता चकतीच्या झगमगाटात बुडूनच जातो. त्याच्या शोषणरेषा, म्हणजे वर्णपटातल्या काळ्या रेषा, हव्या असतील तर जोडी शांत होईपर्यंत थांबा.

दात्याची जोडीदाराकडची बाजू तापलेली असेल तर तिथल्या शोषणरेषा पुसट होतात. उरलेल्या रेषा पाठीकडच्या, म्हणून मोजलेला वेग खऱ्याहून जास्त येतो. तापलेल्या बाजूच्या उत्सर्जनरेषा, म्हणजे उजळ रेषा, घेतल्या तर नेमकं उलटं.

आणि रंग पाहून एकट्या ताऱ्यांच्या कोष्टकातून दात्याचं वस्तुमान उचलू नका. ययाती तारकासमूहातल्या मायावती या जोडीतला दाता जोडीदाराहून म्हातारा दिसतो. जड तारे लवकर म्हातारे होतात, म्हणजे तोच जड असायला हवा. प्रत्यक्षात तो जेमतेम 0.7 सूर्याचा आणि जोडीदार 3.2 सूर्यांचा, बाकीचं त्याने केव्हाच देऊन टाकलंय.